हिरवा पिपियान दर वेळी फाटतो. कुठे चुकतंय?

लसूणपात | शनिवार, रात्री १०:१२

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही दोन वर्षं मेक्सिकोत पुएब्लाला होतो. खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई राहायच्या. महिन्यातून एखाद्या रविवारी त्यांच्याकडे हिरवा पिपियान व्हायचा आणि एक भांडं वर आमच्याकडे यायचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पिपियान म्हणजे भोपळ्याच्या बिया वाटून केलेला दाट रस्सा. कोंबडीच्या उकडलेल्या तुकड्यांवर ओततात, सोबत भात आणि मक्याच्या तोर्तिया. रंग कोवळ्या तुरीच्या दाण्यासारखा. जिभेवर आधी आंबट, मग बियांचा खमंगपणा, आणि घास गिळल्यावर कुठून तरी मागून मिरची.

पुण्याला परत आल्यापासून चार वेळा करून पाहिला. चारही वेळा पचका. मी करते ते असं: बिया छान लालसर भाजून घेते. कच्चे टोमॅटो, हिरव्या मिरच्या, कांदा, लसूण उकडून घेते. सगळं कोथिंबिरीसकट मिक्सरमधून काढते. मग कढईत तेलावर परतायचं, आपण वाटण परततो तसं, कडेने तेल सुटेपर्यंत. मग चिकन उकडलेलं पाणी आणि एक दणदणीत उकळी.

होतं काय, तर पाणी एकीकडे, रवाळ गोळे एकीकडे, वर तेलाचा तवंग, रंग लष्करी खाकी. आणि शेवटी जिभेवर किंचित कडू.

बाईंचा नंबर जुन्या फोनबरोबर गेला. कोणी केलाय का हा प्रकार? फाटतो का, रंग का जातो आणि तोमातियोला (तिकडचं टोमॅटोसारखं हिरवं, आंबट फळ) आपल्याकडे पर्याय काय, एवढं सांगा.

वाफाळता_चहा | शनिवार, रात्री १०:२०

फोटो?

लसूणपात | शनिवार, रात्री १०:२४

फाटलेल्या रश्श्याचा फोटो टाकून काय करू, हार घालणार आहात?

तात्या_मुळशीकर | शनिवार, रात्री १०:३१

एवढा उपद्व्याप कशाला म्हणतो मी? कारळ्याची चटणी करा, बाजरीच्या भाकरीवर घ्या, वर कच्चं तेल. बिया आल्या, तेल आलं, फाटायचा प्रश्न नाही.

मंजिरी_तळेगाव | शनिवार, रात्री १०:५०

वाचतेय. पिपियान मोलेतलाच ना? आणि मोले म्हणजे तेच ना ते चॉकलेटचं सॉस? त्यात भोपळ्याच्या बिया असतात हे नवीन.

केरेतारोकर | रविवार, सकाळी ७:०५

लसूणपात, माझ्या वाटणीचा धागा काढलात. मी सहा वर्षं इथे मेक्सिकोत, केरेतारोत आहे, बायको इथलीच, सासुरवाडी त्लास्कालाची. सासूबाई पिपियान करायला लागल्या की मी ओट्याशी उभा असतो. मदत म्हणून नव्हे, पातेलं पुसायला मिळतं म्हणून.

आधी मंजिरीताईंचं. चॉकलेट सगळ्या मोलेंत नसतं. पुएब्लाच्या काळपट मोलेत असतं, तेही चवीपुरतं. अस्तेकांच्या नाहुआत्ल भाषेत ‘मोल्ली’ म्हणजे नुसतं सॉस किंवा कालवण. ग्वाकामोले म्हणजे अवाकाडोचं मोल्ली. पिपियान त्याच घराण्यातला, फक्त त्याचा कणा बियांचा.

आता मूळ प्रश्न. तुमची पहिली चूक ‘छान लालसर’. या बिया शेंगदाण्यासारख्या भाजायच्याच नाहीत. जाड तव्यावर मंद आचेवर टाकल्या की दोन-तीन मिनिटांत तटतट उडायला लागतात आणि चपटी बी पोट आल्यासारखी गोल फुगते. बहुतेक फुगल्या, एखाददुसरीच्या कडेला सोनेरी झाक आली, की लगेच ताटात ओतायच्या. गॅस बंद करून तव्यातच ठेवल्या तर तवा त्यांना जाळतो. तुमचा कडवटपणा तिथला आणि निम्मा खाकी रंगही तिथलाच.

दुसरं, सगळं एकदम वाटू नका. चार माणसांना एक मोठी वाटी बिया घ्या, थोड्या कोंबडीच्या पाण्यात अगदी गुळगुळीत वाटून बाजूला ठेवा. तोमातियो, मिरची, कांदा, लसूण उकडून वेगळं वाटण. आणि हिरवा पाला (कोथिंबीर, एपासोते म्हणजे इथला एक उग्र वासाचा पाला, लेट्यूसची चार-पाच पानं, मिळाला तर मुळ्याचा कोवळा पाला) कच्चाच वाटून तिसऱ्या भांड्यात. हो, लेट्यूस. मीही पहिल्यांदा हसलो होतो.

पातेल्यात चमचाभर चरबी किंवा तेल. आधी तोमातियोचं वाटण, ते उकळू दे, त्याचा कच्चा वास जाऊ दे. मग आच बारीक करून बियांचं वाटण, पाणी थोडं थोडं घालत, ढवळत. पाला अगदी शेवटी, दहा मिनिटं उरली की. आणि बियांचं वाटण पडल्यावर खळखळ उकळी येऊ द्यायची नाही. ‘से कोर्ता’ म्हणतात इथे, म्हणजे तुटतो.

लाल पिपियानचं वेगळं. त्यात सुकी आंचो नाहीतर ग्वाहियो मिरची, तीळ, कधी शेंगदाणे, दालचिनी. तो परततात, त्यावर तेल आलेलं चालतं, किंबहुना आलं की झाला म्हणतात. हिरवा मात्र नाजूक प्रकृतीचा.

कुडाळी_माणूस | रविवार, सकाळी ९:१५

केरेतारोकर, सगळं मान्य, पण तेल सुटलं नाही तर वाटप कच्चं. आमच्या घरात आजी कढईत डोकावायची ती फक्त एवढ्यासाठीच. न परतलेलं वाटप खाऊन पोट धरून बसायचं का?

केरेतारोकर | रविवार, सकाळी ९:२२

बिया आधीच भाजल्यात, तोमातियो आधीच उकडलंय. कच्चं राहिलं काय? ओल्या खोबऱ्याचं वाटप आणि हे एक नाही, साहेब.

कुडाळी_माणूस | रविवार, सकाळी ९:२५

बघू. लसूणपातबाई पाचव्यांदा करतील तेव्हा कळेलच.

घाटावरची | रविवार, सकाळी ११:४०

मला वाटतं दोघं एकाच गोष्टीवर भांडताय. हा रस्सा वाटणाच्या आमटीच्या जातीचा नाहीच, कढीच्या जातीचा आहे. कढीला आपण कधी दणदणीत उकळी आणतो का? कडेने फेस धरला, आता उकळणार असं वाटलं, की उतरवतो. नाहीतर फुटते. ढवळायचं थांबलं तरी फुटते. माझी आई कढीवर उभी असली की आम्ही तिला हाकसुद्धा मारायची नाही. लसूणपात, तुम्ही कढीला तेल सुटेपर्यंत परतलंत आणि वर उकळीही दिलीत.

लसूणपात | रविवार, दुपारी १२:०२

घाटावरची!!! कढी. बाई पातेल्यासमोर लाकडी चमचा घेऊन उभ्या असायच्या आणि फोन वाजला तरी उचलायच्या नाहीत. मला वाटायचं कानाने कमी ऐकू येतं.

अडुळसा | रविवार, दुपारी २:३०

घाटावरची यांची उपमा शास्त्रालाही धरून आहे. सोललेल्या भोपळ्याच्या बीत वजनाच्या जवळपास निम्मं तेल आणि पाव भागाहून जास्त प्रथिनं असतात. वाटल्यावर तेलाचे बारीक थेंब पाण्यात तरंगतात आणि प्रथिनं त्यांना धरून ठेवतात. जोरात उकळलं की प्रथिनं आकसून गोळे होतात, हातातलं तेल सोडून देतात. ताक फुटतं तेव्हाही गाठी प्रथिनांच्याच होतात. फाटलाच तर गॅसवरून उतरवून कोमट होऊ द्या, थोडं पाणी घालून पुन्हा मिक्सरमध्ये फिरवा. बराचसा जुळतो. पूर्ण मलईसारखा मात्र होणार नाही, आणि व्हायलाही नको. थोडा रवाळपणा हा त्याचा स्वभाव आहे.

रंगाचं कारण हरितद्रव्य. आंबट आणि उष्णता दोन्ही मिळाली की ते खाकी पडतं. तुमच्या रश्श्यात दोन्ही भरपूर. म्हणून पाला शेवटी.

तोमातियो म्हणजे *फायसॅलिस फिलाडेल्फिका*, आपल्या रसभरीचा चुलतभाऊ. तसंच कागदी टरफल, आत हिरवं चिकट फळ. गंमत म्हणजे मध्य मेक्सिकोत नुसतं ‘तोमाते’ म्हटलं की हे हिरवं फळ मिळतं, आपल्या लाल टोमॅटोला ‘हितोमाते’ म्हणतात.

गोंदिया_एक्सप्रेस | रविवार, दुपारी २:४१

अडुळसा, आमच्याकडे बांधावर चिरबोटी येते, तसंच टरफल. लहानपणी खिसे भरून खाल्ली आहेत. ती चालेल का?

अडुळसा | रविवार, दुपारी २:५५

पिकलेली पिवळी तुम्ही खाल्लीत ती ठीक. पण पिपियानला हिरवी लागणार, आणि रानातल्या या कुळातली कच्ची हिरवी फळं विषारी असू शकतात. अजिबात नको. कच्चे टोमॅटो घ्या, अगदी कडक हिरवे, वर अर्ध्या लिंबाचा रस. तोमातियोत थोडा चिकटपणाही असतो, तो टोमॅटोत नाही, म्हणून पाणी जरा कमी घाला.

पानसुपारी | रविवार, दुपारी ४:१०

एक शंका. एका ठिकाणी यात ‘ओहा सान्ता’ नावाचं पान घालतात असं वाचलं. ते कुठे मिळेल?

अडुळसा | रविवार, दुपारी ४:१८

इथे मिळणं कठीण. तळहाताहून मोठं पान, बडीशेपेसारखा वास. तुमच्या नावाला शोभणारी माहिती: ते आणि विड्याचं पान एकाच, मिरीच्या, कुळातलं.

पानसुपारी | रविवार, दुपारी ४:२०

म्हणजे मघई घालू? चुना वेगळा की त्यातच?

तात्या_मुळशीकर | रविवार, दुपारी ४:२६

चुना तोर्तियात असतो. मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात. तेव्हा विडा पूर्ण झाला, आता काथ शोधा.

वाफाळता_चहा | रविवार, दुपारी ४:३०

तात्यांना माहिती आहे!! धाग्याचं सोनं झालं.

साबुदाणा_विरोधी | रविवार, संध्याकाळी ६:००

भोपळा, मिरची, टोमॅटो, शेंगदाणे सगळं तिकडून आलेलं. उपासाला चालणारे बटाटे आणि साबुदाणासुद्धा दक्षिण अमेरिकेचे. मग पिपियान उपासाला चालायला काय हरकत आहे?

घाटावरची | रविवार, संध्याकाळी ६:१२

हा मुद्दा दर तिसऱ्या धाग्यावर येतो आणि दर वेळी तुम्हीच आणता. कांदा-लसूण घातलाय त्यात.

केरेतारोकर | रविवार, संध्याकाळी ६:४०

उपासावरून आठवलं. इथे ‘आलेग्रिया’ नावाची वडी मिळते: राजगिऱ्याच्या लाह्या, मध नाहीतर गूळ, वर भोपळ्याच्या बिया आणि शेंगदाणे. पहिल्यांदा बसस्टॉपवर घेतली तेव्हा क्षणभर मला वाटलं, स्वारगेटला उभा आहे. राजगिरा इथलाच, अस्तेक लोक त्याच्या पिठाच्या देवमूर्ती करायचे.

इतिहासाचा_वही | रविवार, रात्री ९:३०

पिपियान किती जुना हा प्रश्न कुणी विचारला नाही, तरी सांगतो, नाहीतर झोप यायची नाही. बेर्नार्दिनो दे साआगून हा फ्रान्सिस्कन पाद्री सोळाव्या शतकात मेक्सिकोत आला आणि नाहुआ लोकांकडून त्यांच्या रीतिभाती लिहून घेत बसला. सरदारांच्या जेवणाच्या वर्णनात त्याने लाल मिरची, टोमॅटो आणि भोपळ्याच्या दळलेल्या बिया घालून केलेलं पक्ष्याचं कालवण नोंदवलंय, आणि याला हल्ली ‘पिपियाना’ म्हणतात असंही लिहिलंय. त्यात तळणी नाही की चरबी नाही, डुक्कर स्पॅनिश लोकांबरोबर आलं. म्हणजे कुडाळी माणूस विरुद्ध केरेतारोकर या खटल्यात साआगूनची साक्ष केरेतारोकरांच्या बाजूने.

आणि भोपळा तर मक्याच्याही आधीचा. वाहाका राज्यातल्या गिला नाकित्स गुहेत लागवडीच्या भोपळ्याच्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्यात. गर जाड व्हायच्या आधी लोक हे फळ बियांसाठीच खात असावेत असं मानतात. आपण गर खातो आणि बिया कचऱ्यात टाकतो.

कुडाळी_माणूस | रविवार, रात्री ९:४४

साक्षीदार चारशे वर्षांपूर्वी वारला, उलटतपासणी कशी घेऊ?

नीता_ठाकुर्ली | सोमवार, सकाळी १०:२०

आपण बिया टाकतो हे कोण म्हणालं? माझ्या सासूबाई तांबड्या भोपळ्याच्या बिया धुऊन राख लावून गच्चीत वाळवायच्या आणि दुपारी मालिका बघत एकेक सोलायच्या. नखं दुखायची, पण हात थांबायचा नाही. त्यांची अर्धी बरणी अजून घरात आहे, न सोललेल्या बियांची. त्या चालतील का? सोलायचं धैर्य माझ्यात नाही.

युकातान_वारी | सोमवार, सकाळी ११:०५

नीताताई, सालासकट भाजा आणि सिकिल पाक करा. आम्ही मेक्सिकोतल्या मेरिदाला गेलो होतो तेव्हा खाल्लं. माया भाषेत सिकिल म्हणजे भोपळ्याची बी आणि पाक म्हणजे टोमॅटो. आपल्या साखरेच्या पाकाशी संबंध नाही, बाजूच्या टेबलावरचे एक काका मात्र ‘गोड का नाही’ म्हणून रुसले होते. बिया सालासकट खरपूस भाजून मिक्सरमध्ये भुकटी, चाळणीने चोथा काढायचा. टोमॅटो, कांदा आणि हाबानेरो मिरची थेट तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजायचे, ठेचायचे, त्यात भुकटी, कोथिंबीर, मीठ, आंबट नारंगाचा रस. आपल्याकडे ईडलिंबू घ्या. हाबानेरो नसेल तर लवंगी, पण अर्धीच. पोत ओल्या चटणीसारखा. याला फोडणी नाही, उकळी नाही, फाटायचा प्रश्न नाही. भाकरीबरोबर जाईल हे तात्यांसाठी.

तिथेच पापात्सुलेस पाहिले. तोर्तियात उकडलेल्या अंड्याचे तुकडे गुंडाळायचे आणि वर बियांचा हिरवा रस्सा. पण आधी ती बाई भाजलेल्या बियांच्या पिठावर एपासोतेचं गरम पाणी शिंपडत होती आणि मुठीने मळत होती. मळत राहिली, मळत राहिली, आणि बोटांच्या फटीतून गडद हिरवं तेल झिरपायला लागलं. ते वाटीत निथळून घेतलं आणि शेवटी ताटावर नक्षीसारखं ओतलं. मी दोनदा विचारलं, वेगळं तेल घातलं का? तिने रिकामे हात उलटे करून दाखवले.

कुडाळी_माणूस | सोमवार, सकाळी ११:१५

बघा! तेल सुटलं पाहिजे!!

युकातान_वारी | सोमवार, सकाळी ११:१७

परतून नव्हे, मळून. आणि मग वेगळं काढून. पण घ्या, एक गुण तुम्हाला.

वाफाळता_चहा | सोमवार, दुपारी १:०३

मिरची भाजताना सगळी बिल्डिंग खोकते. ‘मोले घातले रडाया’ ही म्हण पुएब्लातून आली याबद्दल आता शंका उरली नाही.

मंजिरी_तळेगाव | सोमवार, दुपारी ३:३०

आम्ही शाकाहारी. कोंबडीऐवजी काय घालू?

केरेतारोकर | सोमवार, रात्री ८:००

इथे लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या, दिवसांत नोपाल घालतात, म्हणजे फड्या निवडुंगाची कोवळी पानं, काटे तासून, उकडून. तुम्ही बटाटे, फरसबी, दुधी घाला. दुधी जास्त शिजवू नका, रस्सा पातळ होतो. पाण्याऐवजी भाज्या उकडलेलं पाणी.

मिक्सरचं एक राहिलं. इथे गल्लीत ‘मोलिनो’ असतो, आपल्या गिरणीसारखा. बायका भाजलेल्या बिया आणि मिरच्या घेऊन रांगेत उभ्या असतात, दगडी चाकातून चिखलासारखा गोळा होऊन येतो. सासूबाईंचं मत असं की मिक्सर बी कापतो, दगड बी चिरडतो. पाटा-वरवंटा असेल तर वापरा, नसेल तर मिक्सर थांबत थांबत फिरवा.

लसूणपात | पुढचा रविवार, दुपारी ३:१५

मंडळी, पाचवा प्रयत्न पार पडला. अहवाल देते.

पहिली वाटी बिया जाळली. दारावर कुरियरवाला आला, ओटीपी सांगून परत येईपर्यंत तव्यावर कारळे झाले होते. ती तात्यांना पाठवते. दुसऱ्या वाटीला तव्यासमोरून हलले नाही. फुगल्या, तटतटल्या, दोन माझ्या कपाळावर आल्या, ताटात ओतल्या. आईचा पाटा बाल्कनीत कुंड्यांखाली होता, तो काढून घासला. पण वीस मिनिटांत खांदा गेला. निम्म्या बिया पाट्यावर, निम्म्या मिक्सरमध्ये, केरेतारोकरांच्या सासूबाईंनी माफ करावं.

कच्चे टोमॅटो, लिंबू, दोन मिरच्या. तिकडच्या पोब्लानो मिरचीऐवजी एक भावनगरी, भाजून साल काढून. एपासोते नाही, त्याला पर्याय म्हणून काही घातलं नाही. मुळ्याचा पाला मंडईतल्या मावशींनी फुकट दिला, ‘कशाला हवाय’ असं चार वेळा विचारून. पातेल्यावर कढीसारखी उभी राहिले. नवरा काहीतरी विचारत होता, ऐकलं नाही.

फाटला नाही! कडेला अगदी बारीक, मोहरीएवढे तेलाचे ठिपके आले (कुडाळी माणूस, नोंद घ्या) आणि तेवढ्यावर उतरवला. रंग पुएब्लाइतका नाही, पण हिरवा म्हणता येईल. चवीत मागून येणारी मिरची आली. एपासोतेची ती रॉकेलसारखी झाक नाही, ती जाणवत राहिली.

वाफाळता_चहा | रविवार, दुपारी ३:१८

फोटो?

लसूणपात | रविवार, दुपारी ३:२०

संपला.

नीता_ठाकुर्ली | रविवार, रात्री ८:४०

अभिनंदन! मी सासूबाईंच्या बरणीतल्या बियांचं सिकिल पाक केलं. चोथा बराच निघाला, पण चव खमंग. लेकाने पोळीचा रोल करून डब्यात नेलं. ही चटणी किती दिवस टिकते?

युकातान_वारी | रविवार, रात्री ८:५५

टोमॅटो आहे, त्यामुळे फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस. भुकटी मात्र कोरडी बरणीत ठेवा, लागेल तशी कालवा. फार ठेवू नका, तेलकट बी, खवट होते.

केरेतारोकर | रविवार, रात्री ९:३०

आणि पिपियान उरला तर दुसऱ्या दिवशी पिठल्यासारखा घट्ट होतो. घाबरायचं नाही. गरम पाणी थोडं थोडं घालून मंद आचेवर ढवळायचा आणि उरलेल्या पोळ्या त्यात बुडवून गुंडाळायच्या. लसूणपात, मुळ्याचा पाला देणाऱ्या मावशींना पुढच्या वेळी एक वाटी नेऊन द्या, नाहीतर पुढच्या खेपेला पैसे लावतील.

तात्या_मुळशीकर | रविवार, रात्री ९:४१

जळलेल्या बिया पोचल्या नाहीत अजून.